एक अधिक, दोन अधिक: प्राण्यांच्या लघवीचा अहवाल वाचताना

पूर्वी लघवीच्या तपासणीचा कागद थेट डॉक्टरांच्या टेबलावर जायचा. आता तो मालकाच्या मोबाइलवर येतो, बहुतेकदा रात्री, आणि त्यात काही ओळी लाल अक्षरांत असतात. प्रथिनं दोन अधिक, रक्त एक अधिक, पांढऱ्या पेशी तीन अधिक, स्फटिक आढळले. मग रात्रभर शोधाशोध होते आणि सकाळी पहिला फोन येतो: "डॉक्टर, किडनी गेली का हो त्याची?"

बहुतेक वेळा गेलेली नसते. कधीकधी मात्र ज्या कागदावर एकही लाल ओळ नाही, तोच काळजीचा निघतो. असं का होतं, ते समजून घेऊ. त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. या अहवालातला एकही आकडा एकट्यानं काही सांगत नाही. आणि तपासणीत वापरलेली पट्टी मुळात माणसांसाठी बनवलेली आहे, कुत्र्या-मांजरांसाठी किंवा गाई-घोड्यांसाठी नाही.

तपासणीत नेमकं काय करतात?

तीन गोष्टी. आधी डोळ्यांनी रंग आणि गढूळपणा पाहतात आणि लघवी किती दाट आहे ते मोजतात. मग रंग बदलणाऱ्या चौकटी असलेली पट्टी लघवीत बुडवतात. साखर, प्रथिनं, रक्त, कीटोन, आम्लता वगैरेंचे 'अधिक' या पट्टीवरून येतात. शेवटी लघवी यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी, जंतू, स्फटिक त्या साक्यात दिसतात.

नुसती पट्टी बुडवून दिलेला अहवाल अर्धा असतो. साका पाहिलेला नसेल तर तसं स्पष्ट विचारावं, त्यात संकोच कसला.

नमुना कुठून आला आणि किती वाजता?

अहवाल वाचण्याआधी हा प्रश्न. लघवी मिळवायचे तीन मार्ग असतात: प्राणी लघवी करताना भांडं धरणं, मूत्रमार्गातून नळी घालणं, किंवा पोटाच्या कातडीतून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून काढणं. भांड्यात धरलेल्या नमुन्यात वाटेवरचं सगळं मिसळतं, म्हणजे कातडीवरचे जंतू, केस, आणि मादी माजावर असेल तर रक्तसुद्धा. जमिनीवरून सिरिंजनं ओढलेल्या लघवीत तर फरशी पुसायच्या पाण्याचाही अंश येतो, आणि ब्लीचसारख्या रसायनामुळे पट्टीवर साखर किंवा रक्त नसताना उमटू शकतं. ब्लीचनं धुतलेल्या बाटलीचंही तेच.

सुई म्हटलं की मालक दचकतात. प्रत्यक्षात ती इंजेक्शनच्या सुईइतकीच असते, काम काही सेकंदांत होतं आणि बरीच मांजरं नळी किंवा बाटलीपेक्षा सुई जास्त शांतपणे सोसतात. जंतूंचा संशय असेल तर याच मार्गानं घेतलेला नमुना भरवशाचा, कारण निरोगी मूत्राशयातली लघवी कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) लावली तर त्यातून साधारणपणे काही उगवत नाही. सुईमुळे थोड्या तांबड्या पेशी साक्यात येतात, तेवढं लक्षात ठेवायचं. मात्र लघवी तुंबून मूत्राशय ताणलेलं असेल, गाठीचा संशय असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर सुई जपून वापरतात किंवा टाळतात.

वेळेचं म्हणाल तर अर्ध्या-एक तासात तपासलेली लघवी उत्तम. बाहेर राहिली तर जंतू वाढतात, पेशी फुटतात, आम्लता बदलते. फ्रीजमध्ये ठेवली तर जंतूंची वाढ मंदावते, पण नवे स्फटिक तयार होतात. मध गारठ्यात ठेवला की त्याची साखर होते, तसंच हे. बाटली बदललेली नसते, मध तोच असतो, पण तळाशी रवा बसतो.

सगळ्यात आधी पाहायचा आकडा

लोकांची नजर आधी अधिकच्या चिन्हांवर जाते. माझी जाते विशिष्ट गुरुत्वावर. लघवी पाण्याच्या तुलनेत किती दाट आहे, ते सांगणारा हा आकडा. शुद्ध पाणी म्हणजे 1.000. लघवीत क्षार आणि टाकाऊ पदार्थ जितके जास्त, तितका आकडा मोठा.

मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं तेव्हा जो द्रव खाली उतरतो, त्याचं गुरुत्व 1.008 ते 1.012 असतं. इथपर्यंत मूत्रपिंडातल्या नळ्यांनी काहीच केलेलं नसतं. त्यांचं काम यापुढचं. शरीराला पाणी हवं असेल तर त्या द्रवातलं पाणी परत ओढून घ्यायचं आणि लघवी दाट करायची. पाणी जास्त झालं असेल तर क्षार परत घेऊन पाणी सोडून द्यायचं आणि लघवी पातळ करायची.

आता हा आकडा वाचू. कुत्र्याची लघवी 1.030 च्या वर आणि मांजराची 1.035 च्या वर असेल, तर नळ्या पाणी ओढू शकतात असं समजायचं. गाई-घोड्यांत 1.025 च्या वर चालतं. 1.008 ते 1.012 मध्येच आकडा अडकलेला असेल, तर गाळलेला द्रव जसाच्या तसा बाहेर येतोय. आणि गंमत अशी की 1.003 आला तर तो मूत्रपिंड निकामी झाल्याचा पुरावा ठरत नाही. उलट नळ्यांनी मेहनत करून लघवी पातळ केली आहे. तिथे डोकं दुसरीकडे चालवावं लागतं: शरीरात स्टेरॉइड संप्रेरक जास्त बनवणारा कुशिंगचा आजार, गर्भपिशवीत पू झालेली कुत्री, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, पाणी रोखणाऱ्या संप्रेरकाचा अभाव, नाहीतर नुसतीच सवयीनं भरमसाट पाणी पिणं.

पण 1.010 आला की लगेच घाबरायचं का? नाही. नुकतंच भांडंभर पाणी प्यायलेल्या धडधाकट कुत्र्याची लघवीही 1.010 असू शकते. सलाइन चढवल्यावर घेतलेला नमुना तर हमखास पातळ असतो. लघवी वाढवणारी औषधं आणि स्टेरॉइडही तेच करतात. म्हणून प्राण्याच्या अंगात पाणी किती आहे, ते याच आकड्याशेजारी ठेवून पाहायचं. दोन दिवस उलट्या करून डोळे खोल गेलेल्या कुत्र्याला शरीर ओरडून सांगतंय की पाणी वाचव, आणि तरीही लघवी 1.010. हा आकडा झोप उडवणारा आहे. तोच 1.010 सलाइनच्या दुसऱ्या दिवशी आला तर त्याला काहीच किंमत नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे सलाइन लावण्याआधी लघवी घ्यावी. गडबडीत हे विसरलं जातं, आमच्याकडूनही.

नुसत्या शंकेपोटी तपासणी करायची असेल तर सकाळची पहिली लघवी घ्यावी. रात्रभर पाणी कमी प्यायलेलं असतं, त्यामुळे नळ्यांची ताकद तिच्यात दिसते. मूत्रपिंडाचा संशय असलेल्या प्राण्याचं पाणी तोडून परीक्षा घेण्याचा उद्योग मात्र घरी कुणीही करू नये.

आणखी एक. हा आकडा रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या, लघवीच्या एका थेंबातून प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणानं घ्यायचा असतो. पट्टीवरही त्याची एक चौकट असते, पण ती प्राण्यांसाठी निरुपयोगी आहे. तिचं माप 1.030 ला संपतं, 1.055 ची लघवी आरामात करणारं मांजर तिच्यात मावणार कसं?

"क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे. मग लघवी कशाला तपासायची?"

हा आक्षेप वारंवार येतो आणि तो रास्तही वाटतो. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड थकलं की तो वाढतो. पण तो उशिरा वाढतो. मूत्रपिंडाची ढोबळ तीन-चतुर्थांश ताकद गेल्यावर तो रक्तात स्पष्ट चढतो. लघवी दाट करण्याची क्षमता साधारण दोन-तृतीयांश ताकद गेल्यावरच ढासळते. म्हणजे मधला काही काळ असा असतो की रक्त साफ दिसतं आणि लघवी मात्र खरं सांगत असते.

उलट बाजूनंही लघवीच मदतीला येते. क्रिएटिनिन वाढलंय आणि लघवी 1.045, तर बहुधा अंगातलं पाणी कमी झाल्यानं रक्त घट्ट झालंय, मूत्रपिंड ठीक आहे. क्रिएटिनिन वाढलंय आणि लघवी 1.011, तर मूत्रपिंडावर संशय पक्का होतो. अर्थात दगा देणारी प्रकरणं आहेतच. ॲडिसनच्या आजारात अधिवृक्क ग्रंथी दमलेली असते, सोडियम वाहून जातं, आणि मूत्रपिंड चांगलं असूनही लघवी दाट होत नाही. काही मांजरं याच्या उलट. मूत्रपिंड बिघडूनही बराच काळ दाट लघवी करत राहतात.

घरी पाणी मोजणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. कुत्रा दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, किंवा मांजर किलोमागे 50 च्या पुढे जात असेल, तर ते जास्तच आहे. दहा किलोच्या कुत्र्याला एक लिटर ही सीमा. दोन-तीन दिवस मोजून लिहून आणलेला कागद मला कित्येकदा पट्टीपेक्षा उपयोगी पडतो.

पट्टीवरच्या कोणत्या चौकटी सोडून द्यायच्या?

गुरुत्वाची चौकट गेलीच. पांढऱ्या पेशींची चौकटही सोडून द्या: मांजरांत ती काही नसताना रंगते, आणि कुत्र्यांत पू असूनही कोरी राहू शकते. सुरुवातीच्या त्या 'तीन अधिक'चा उगम बहुतेकदा इथेच असतो. पांढऱ्या पेशी मोजायच्या त्या साक्यात, सूक्ष्मदर्शकाखाली. एका दृश्यात पाचपर्यंत असतील तर चालतं. जंतूंचा माग काढणारी नायट्राइटची चौकट प्राण्यांत भरवशाची नाही. युरोबिलिनोजेनकडेही पाहू नका.

मग पट्टी वापरायची तरी कशाला? कारण साखर, कीटोन, रक्त, बिलिरुबिन आणि आम्लता यांच्यासाठी ती झटपट आणि बऱ्यापैकी विश्वासू आहे. प्रथिनांसाठीही, पण तिथे थोडं सांभाळून.

बिलिरुबिनचं उदाहरण पाहा. कावीळ झाली की वाढणारं हे पिवळं रंगद्रव्य. दाट लघवी करणाऱ्या कुत्र्यात, विशेषतः नरात, त्याचं एखादं 'अधिक' नेहमीचं आहे, कारण कुत्र्याचं मूत्रपिंड ते फार लवकर सोडून देतं. मांजरात मात्र एक 'अधिक'सुद्धा नॉर्मल नसतं. तिथून पुढे यकृत आणि रक्तपेशी तपासायलाच हव्यात. चिन्ह तेच, पट्टी तीच. प्राणी बदलला की अर्थ बदलतो.

साखर: धरणाचा सांडवा

गाळलेल्या द्रवात साखर उतरतेच, पण नळ्या ती सगळी परत ओढतात. धरणात पाणी एका पातळीपर्यंत साठतं आणि त्यापुढे सांडव्यावरून वाहू लागतं, तसंच हे. रक्तातली साखर कुत्र्यात डेसिलिटरला साधारण 180 ते 220 मिलिग्रॅमच्या वर गेली की लघवीत उतरते. मांजराचा सांडवा उंच, 250 ते 300 च्या आसपास. गाईचा खूपच खाली, 100 च्या जवळ. लघवीला मुंग्या लागल्या म्हणून कुत्रा घेऊन येणारे मालक असतात आणि त्यांचं निरीक्षण बहुतेकदा बरोबर निघतं.

साखर दिसली म्हणजे मधुमेह, इतकं मात्र ते सरळ नाही. घाबरलेल्या मांजराची रक्तशर्करा नुसत्या ताणानं चढते, कधी सांडव्यापर्यंतही. दवाखान्याच्या पिंजऱ्यात दोन तास बसलेल्या मांजराच्या एका 'अधिक'वर इन्सुलिन सुरू करणं धोक्याचं. अशा वेळी फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी करतात. ती गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आजच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. ताण नसताना घरी धरलेली लघवी पुन्हा तपासणं हाही चांगला मार्ग.

आणि रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर दिसली तर? मग धरण भरलेलं नाही, भिंतच गळतेय. नळ्या साखर परत ओढत नाहीयेत. बसेन्जी जातीच्या कुत्र्यांत हा दोष आनुवंशिक असतो, त्याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. इतर कुत्र्यांत लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार कारण असू शकतो, आणि ते विसरून चालत नाही, कारण तो लघवीतून माणसालाही होतो. संशय असेल तर लघवी पुसताना हातमोजे घाला.

अलीकडे एक नवा गोंधळ वाढलाय. मांजरांच्या मधुमेहासाठी नळ्यांमधली साखरेची परतवाट मुद्दाम बंद करणारी औषधं आली आहेत; अमेरिकेत अशा पहिल्या गोळीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली. हे औषध घेणाऱ्या मांजराच्या लघवीत साखर असणारच, ती औषधाची खूण आहे. तिथे नजर ठेवायची ती कीटोनवर. शरीर साखर सोडून चरबी जाळू लागलं की कीटोन तयार होतात, आणि या औषधावर रक्तातली साखर फारशी न वाढताही ते धोकादायक पातळीला जाऊ शकतात. मांजर खात नाही, सुस्त आहे आणि पट्टीवर कीटोन, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पट्टी तीनपैकी मुख्यतः एकाच कीटोनला, ॲसिटोॲसिटेटला ओळखते. रक्तात सगळ्यात जास्त असतो तो बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि तो तिला दिसतच नाही. त्यामुळे कोरी चौकट म्हणजे पूर्ण दिलासा नव्हे. व्यायल्यानंतरच्या दुधाळ गाईत लपलेला किटोसिस, म्हणजे कीटोन वाढण्याचा आजार, शोधताना म्हणूनच रक्तातली तपासणी जास्त खात्रीची धरतात.

प्रथिनं: चाळणीला भोक, की पिठातच खडे?

मूत्रपिंडाची गाळणी म्हणजे बारीक चाळणी. प्रथिनांचे मोठे रेणू तिच्यातून सहसा जात नाहीत. ते लघवीत दिसले तर तीन शक्यता असतात. चाळणीच्या आधीच रक्तात काहीतरी भलतं वाढलंय, चाळणी फाटलीये, किंवा चाळणीनंतरच्या वाटेवर, म्हणजे मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात, रक्त-पू मिसळतोय. तिसरी शक्यता इतकी सामान्य आहे की साका पाहिल्याशिवाय प्रथिनांबद्दल बोलूच नये.

इथे गुरुत्व पुन्हा आडवं येतं. चमचाभर मीठ पेल्यात टाका आणि तेवढंच बादलीत. मीठ सारखं, चव वेगळी. 1.050 च्या दाट लघवीतलं एक 'अधिक' कित्येकदा किरकोळ असतं. 1.008 च्या पातळ लघवीतलं एक 'अधिक' म्हणजे दिवसभरात बरंच प्रथिन वाहून जातंय. शिवाय लघवी फार अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, असली तर पट्टी खोटंच प्रथिन दाखवते. मांजराच्या, त्यातही खच्ची न केलेल्या बोक्याच्या लघवीत कॉक्सिन नावाचं एक प्रथिन नैसर्गिकरीत्याच असतं, त्याचाही रंग पट्टीवर चढतो.

हा पाण्याचा घोळ टाळण्यासाठी प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. अहवालात त्याला यूपीसी म्हणतात. दोन्ही एकाच पाण्यात विरघळलेली, त्यामुळे लघवी दाट की पातळ याचा प्रश्न मिटतो. मूत्रपिंडविकारांचे टप्पे ठरवणारा आयरिस हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट 0.2 च्या खालचं गुणोत्तर ठीक मानतो. कुत्र्यात 0.5 च्या आणि मांजरात 0.4 च्या वर गेलं तर प्रथिन जातंय असं धरतात, आणि मधला पट्टा म्हणजे थांबून पुन्हा तपासण्याचा. एकाच आकड्यावर औषध सुरू करत नाहीत, कारण हे गुणोत्तर दिवसागणिक हलतं. किमान दोन आठवड्यांच्या अवधीत दोन-तीनदा तपासून वाढलेलंच आढळलं तर ते खरं. मूत्राशयाला संसर्ग असताना किंवा लघवी रक्ताळलेली असताना यूपीसी काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खरंच चाळणी गळत असेल तर मात्र ते गंभीरपणे घ्यायचं. कारणांच्या यादीत गोचिडांमुळे होणारे एर्लिशियासारखे आजार, वाढलेला रक्तदाब, कुशिंग आणि जुनाट दाह वरच्या ओळीत येतात.

लाल लघवी म्हणजे रक्तच का?

पट्टीवरची रक्ताची चौकट तांबड्या पेशी ओळखत नाही, ती त्यांच्यातल्या हीम या भागाला ओळखते. तो भाग फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्येही. तिन्हींना रंग एकच.

वेगळं करायची युक्ती साधी आहे. लघवी यंत्रात फिरवा. तळाशी लाल साका बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं, तर पूर्ण पेशी आहेत: खडा, संसर्ग, गाठ, मार. वरचं पाणी लालच राहिलं, तर रक्त काढून त्याचा वरचा द्रव पाहा. तो गुलाबी असेल तर अंगातच तांबड्या पेशी फुटताहेत. गाई-म्हशींत गोचिडांतून येणारा बबेसिया हा परजीवी, किंवा व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडल्यानं पेशी फुटणं, ही याची ओळखीची कारणं. द्रव स्वच्छ असेल तर स्नायूंच्या पेशी फुटल्यात. ताणाच्या कामानंतर पाय आखडलेल्या घोड्याची तपकिरी लघवी बहुधा यातली. फार पातळ लघवीत पूर्ण पेशीही फुगून फुटतात आणि निदान चकतं, म्हणून इथेही गुरुत्व पाहायचंच.

ससा पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सशाची लघवी रंगद्रव्यांमुळे नारिंगी ते लालभडक होऊ शकते आणि ससा ठणठणीत असतो. पट्टीवर रक्ताची चौकट कोरी असेल तर काळजी नको. ती गढूळ, पांढुरकी दिसते तेही नेहमीचंच, कारण ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. घोड्याची लघवीसुद्धा चिकट आणि गढूळ असते, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक भरलेले असतात. कुत्र्याच्या मापानं पाहिलं तर प्रत्येक घोडा आजारी ठरेल.

आम्लता: गाईच्या गोठ्यात तिचं मोल जास्त

कुत्र्या-मांजरांत लघवीचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकी लघवी आम्ल), साधारण 6 ते 7.5, जेवणानंतर थोडा वर. त्यावरून एकट्यानं काही ठरत नाही, पुढे सरकू.

गाईत हाच आकडा मोठं काम करतो. चरणाऱ्या प्राण्यांची लघवी मुळात अल्कली, 7.5 ते 8.5. व्यायच्या आधीच्या तीनेक आठवड्यांत काही गाईंना मुद्दाम असे क्षार खायला देतात की रक्त किंचित आम्लाकडे झुकावं. तसं झालं की हाडांतलं कॅल्शियम सोडवायची यंत्रणा जागी राहते, आणि व्यायल्यावर दुधात एकदम कॅल्शियम जायला लागलं तरी गाय दुग्धज्वरानं आडवी पडत नाही. क्षार लागू पडताहेत का, हे पाहायला पाच-सहा गाईंची लघवी तपासतात. पीएच 6 ते 7 मध्ये आला तर गणित जमलं; 8 च्या वर राहिला तर क्षार पोटात जातच नाहीयेत; फारच खाली गेला तर प्रमाण जास्त झालंय आणि गाई खाणं सोडतील. योनीखालची कातडी हलकेच चोळली की बऱ्याच गाई लघवी करतात, त्यामुळे नमुन्याला फार वेळ लागत नाही.

स्फटिक दिसले म्हणजे खडा आहे?

नाही. निरोगी कुत्र्या-मांजरांच्या लघवीतही स्फटिक असतात, आणि खडा असूनही साका स्वच्छ असू शकतो. खडा आहे की नाही, ते एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगते. त्यातून नमुना रात्रभर फ्रीजमध्ये होता असं कळलं तर मी ताजी लघवी मागतो, आहार बदलत नाही. स्फटिक पाहून खास आहाराच्या पिशव्या घरी आणण्याची घाई मला पटत नाही.

काही स्फटिक मात्र हाक मारतात. अमोनियम बाययुरेटचे काटेरी गोळे लहान पिल्लात दिसले तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी शोधावी लागते. डाल्मेशियन जातीत युरेट आनुवंशिक स्वभावातच असतं. सिस्टिनचे षट्कोनी स्फटिक कधीच नॉर्मल नसतात. आणि अचानक झोकांड्या खाऊ लागलेल्या प्राण्याच्या लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचे ढीग दिसले तर गाडीच्या रेडिएटरमधल्या अँटिफ्रीझची विषबाधा आठवावी. तिथे तासातासाला महत्त्व असतं.

"जंतू दिसलेत, मग अँटिबायोटिक का दिलं नाही?"

कारण जंतू असणं आणि आजार असणं या दोन गोष्टी आहेत. कल्चरमध्ये जंतू उगवले, पण प्राणी जोर करत नाही, वारंवार लघवीला बसत नाही, लघवीत रक्त नाही, तर पाळीव प्राण्यांच्या संसर्गजन्य आजारांवरच्या इस्कॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की बहुतेक वेळा औषध देऊ नये. औषधानं जंतू तात्पुरते जातात, पुन्हा येतात, आणि येताना औषधाला न जुमानणारे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली थरथरणारा कचराही जंतूंसारखा दिसतो, म्हणून खात्री कल्चरनंच करायची.

तरुण मांजराची गोष्ट तर आणखी वेगळी. लघवीला बसून कण्हणं, लाल थेंब, बाहेर कुठेही लघवी करणं, हे सगळं असूनही तरुण मांजरांत संसर्ग फार थोड्यांनाच असतो. बहुतेकांना ताणाशी जोडलेला, जंतूविरहित मूत्राशयदाह असतो. तो आठवड्याभरात आपसूक ओसरतो आणि श्रेय मिळतं त्या आठवड्यात दिलेल्या अँटिबायोटिकला! म्हातारं मांजर, मधुमेही किंवा मूत्रपिंडविकाराचं मांजर, यांच्यात खरा संसर्ग जास्त आढळतो. तिथे कल्चर टाळू नये. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा कुशिंग असलेल्या कुत्र्यात संसर्ग असूनही साक्यात पू-पेशी दिसत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

अहवालाची वाट पाहू नये तेव्हा

नमुना देताना बाटलीवर तीन गोष्टी लिहून द्या: लघवी कशी आणि किती वाजता घेतली, फ्रीजमध्ये ठेवली होती का, आणि प्राण्याला कोणती औषधं चालू आहेत. अहवालातले निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

एका रुग्णाला मात्र यातलं काहीच लागू नाही. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, आणि खाली थेंबही पडत नाही. मालकांना पुष्कळदा वाटतं की त्याचं पोट साफ होत नाहीये, आणि दिवस जातो. त्याचा मूत्रमार्ग तुंबलाय. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. अशा बोक्याच्या लघवीचा नमुना घरी मिळणारच नाही. त्याला लगेच उचलून, असेल त्या वेळी, दवाखान्यात न्यायचं. नळी घालून मार्ग मोकळा झाला की तपासणीसाठी लघवी आपोआप मिळते.